अर्धी गोळी

सोहारला आमच्या खोलीत चार खाटा,
एक फ्रिज, आणि फ्रिजवर गोळ्यांचा डबा.
खरं तर तो खजुराचा. खजूर संपून सात वर्षं झाली.
डोकं धरलं, घे. दाढ ठणकते, घे.
पंचेचाळीस डिग्रीत पाइप उचलून पाठ गेली,
दोन घे आणि झोप,
पाचला बस आहे.

तिरफळ त्या दिवशी एसीच्या खोक्यामागे जाऊन बसली.
(नाव मुश्ताकने ठेवलं. बांगड्याच्या कालवणात
तिरफळं टाकत होता, तेव्हा ही पहिल्यांदा दारात आली.)
मासळीबाजाराकडून वळणाऱ्या एखाद्या पिकअपचा
फटका बसला असणार, मागचा पाय जमिनीला लागत नव्हता.
ओरडली नाही. कुणाला वाटेल, बसलीय सावलीत.
फक्त बांगड्याचं डोकं समोर ठेवलं
तरी मान वळवली नाही.

मुश्ताक पारकर, गाव दाभोळ, मनाने लोणी.
त्याने डबा काढला, गोळी मोडली बरोबर मधोमध,
अर्धी पुन्हा मोडली, चमच्याने कुटली,
ट्यूनात कालवली.
'एवढीशी तर आहे,' म्हणाला,
'लहान पोराला देतात त्याहून कमी.'

मी ताटली हिसकावली.
जरा जोरातच. ट्यूना भिंतीवर गेला.
तो बघत राहिला. तीन वर्षांत
मी त्याच्यावर आवाजही चढवला नव्हता.

मांजराला ही गोळी म्हणजे विष, मी म्हटलं,
पाव असो, कण असो.
आणि गेटवरच्या म्हाताऱ्या शेरूला वॉचमन
गुडघ्यांसाठी ती लाल गोळी देतो म्हणे,
त्यालाही सांग, कुत्र्याला आपल्या डब्यातलं काही नको.
'तुला कोणी सांगितलं?'
वाचलंय कुठेतरी.

वाचलं नव्हतं.

सलालाला होतो, पहिलं वर्ष.
एक राखाडी बोका, कानाला जखम.
मीही मोडली होती अशीच, मधोमध,
दुधात. सगळं प्यायला, ताटली चाटून.
रात्री त्याचं तोंड सुजलं, पंजे सुजले,
हिरड्या कोऱ्या चहासारख्या तपकिरी.
पहाटेपर्यंत श्वास मोजत बसलो.
मला वाटलं, जखमच चिघळली.
सुपरवायझरच्या बायकोने पुढे कधीतरी सांगितलं,
सहज, कपडे वाळत घालताना.
मी तिला चिमटे देत होतो.

तिरफळला टोमॅटोच्या क्रेटमधून नेलं,
वर मुश्ताकची लुंगी.
डॉक्टर नुहा, मूळच्या खार्तूमच्या,
त्यांनी आधी काटा पुढे ओढला.
तीन किलो दोनशे.
'वजन कळल्याशिवाय मी औषधाला हात लावत नाही.'
एक सुई तिथेच, पायाचा फोटो,
मग बाटली, आणि बिनसुईच्या सिरिंजवर पेनने रेघ.
'या रेघेपर्यंत. खाल्ल्यावर. दिवसातून एकदा, तीन दिवस.
खात नसेल, उलटी झाली, तर बंद, आणि मला फोन.
दुखतंय वाटलं म्हणून वर एक थेंबही नाही.'
मग विचारलं, 'घरातलं काही दिलंय का आधी?'
'नाही,' मुश्ताक म्हणाला.
मी भिंतीवरचा कुत्र्याच्या दातांचा तक्ता वाचत होतो.

सव्वीस रियाल. अर्धे अर्धे.
घरी या महिन्यात कमी जातील,
विचारलं तर चष्मा केला म्हणू.

आता फ्रिजवर दोन डबे.
दुसऱ्यावर मुश्ताकने मार्करने मांजर काढलंय,
उंदरासारखं दिसतं.
तिसऱ्या दिवशी थेंब देताना तिरफळने
माझ्या अंगठ्यात दात रोवले, चांगलेच.
'चावली!' मुश्ताक ओरडला,
लॉटरी लागल्यासारखा, अख्ख्या कॅम्पला ऐकू जाईल असा.

अंगठा नळाखाली धरला. पाणी गरमच होतं.
रात्रभर ठणकला.
पहिला डबा हाताशीच होता,
उघडला नाही.